वारसांत एक फादर, एक सिस्टर आणि एक झगा उतरवलेले फादर: हक्कसोड लिहू कशी?

वेंगुर्ल्याचा दस्तलेखक

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्यात दस्त लिहितो. आधी वडील लिहायचे, त्यांची खुर्ची आता माझ्याकडे. हक्कसोड, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र, वारसाचं प्रतिज्ञापत्र हे रोजचंच. पण सध्या एक कागद टेबलावर पडून आहे आणि पेन पुढे जात नाही.

घर ख्रिस्ती. वडील आधीच गेलेले, आता आई गेली. सात-बारा आईच्या एकटीच्या नावावर. काजूची बाग, थोडी हापूसची कलमं, घरठाण आणि खाडीच्या कडेचा एक तुकडा, ज्यावर आता सगळ्यांचाच डोळा आहे. मुलं चार. थोरले फादर आहेत, इथल्याच धर्मप्रांतातले, म्हणजे इथल्या बिशपांच्या हाताखालचे. मधली बहीण सिस्टर, तिचं कॉन्व्हेंट कर्नाटकात. तिसरेही फादर होते. ते सोडून आले, लग्न केलं, आता ठाण्याकडे असतात, एक मुलगी आहे. धाकटा घरी. बाग तोच राखतो, एका ट्रॉलरमध्ये त्याची भागीदारीही आहे.

धाकटा आला आणि म्हणाला, तिघांची हक्कसोड माझ्या नावे लिहा. मी विचारलं, तिघं तयार आहेत ना? तर म्हणतो, "तयार कसले? तेंका हक्कच नाय. देवाक दिल्ली माणसां ती, तेंका जमीन कित्याक व्हयी?" सोबत त्याने एक जुनं पत्र आणलं होतं. सिस्टरने कायमची व्रतं घेण्याआधी आईला लिहिलेलं, की घरच्या मालमत्तेतलं मला काही नको. त्याच्या मते सिस्टरपुरतं हे पत्रच बस झालं. तिसऱ्या भावाबद्दल म्हणाला, त्याचं लग्न चर्चला मान्य नाही, तो धड फादर नाही आणि धड संसारीही नाही, त्याला कशाला विचारायचं.

आमच्यात संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध घालतो आणि घराच्या हिशेबातून उठतो. तसं यांच्यात आहे का? फादर आणि सिस्टर एकाच मापाने धरायचे का? जो सोडून आला तो पुरता सुटला की अजून कुठे बांधलेला असतो? सरकारी कायद्याचं मी वकिलाकडून बघून घेईन. पण सही करणाऱ्याला उद्या त्याच्या बिशपांनी किंवा मदरनी जाब विचारला, तर तसला दस्त मी लिहिलेला नसावा एवढंच वाटतं. जाणकारांनी सांगावं. नावं अर्थातच देणार नाही.


मालवण_बंदर

एवढा विचार कशाला करताय. तिघांनीही गरिबीचं व्रत घेतलेलं असतं. त्यांच्या नावावर काही राहूच शकत नाही, सगळं चर्चला जातं. म्हणून तर धाकट्याला घाई आहे, नाहीतर खाडीकडचा तुकडा चर्चच्या नावे चढायचा.


अर्धा_फादर

मालवणकर, तुमचं एक वाक्य एका वारसालाही नीट लागू होत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. मी पुण्याच्या पेपल सेमिनरीत, फादर घडवतात तिथे, होतो. डिकन होण्याआधी बाहेर पडलो, आता सावंतवाडीजवळ शाळेत शिकवतो. कॅनन लॉचा, म्हणजे चर्चच्या कायद्याचा, तास बाकीच्यांना झोपेचा वाटायचा, मला तो आवडायचा.

दस्तलेखकभाऊ, चर्चचा कायदा माणसाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारतो आणि गावात आपण ते एकात कालवतो. पहिला प्रश्न, याला गुरुदीक्षा मिळाली आहे का? डिकन, प्रीस्ट, बिशप यांपैकी काही असेल तर तो क्लेरिक, नसेल तर प्रापंचिक. यात तिसरा रकाना नाही. दुसरा प्रश्न, याने एखाद्या संस्थेत गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं घेतली आहेत का? ही व्रतं क्लेरिकही घेतो, प्रापंचिकही घेतो. हे सगळं चर्चच्या १९८३ च्या संहितेच्या २०७ व्या कॅननमध्ये, म्हणजे कलमात, आहे. ५८८ वा कॅनन तर उघडच सांगतो की व्रतस्थ जीवन मुळात क्लेरिकलही नाही आणि प्रापंचिकही नाही.

आता तुमचे वारस बघा. थोरले फादर गुरुदीक्षित आहेत, पण व्रतस्थ नाहीत. धर्मप्रांताचा फादर ब्रह्मचर्य पत्करतो आणि बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतो. गरिबीचं व्रत तो घेतच नाही. त्याच्या नावावर बँक खातं असतं, मोटरसायकल असते, वडिलोपार्जित जमीनही असू शकते. कायदा त्याला साधं राहायला सांगतो आणि पदामुळे मिळालेल्यातलं उरेल ते चर्चच्या व गरजूंच्या कामी लावावं असं म्हणतो (कॅनन २८२), पण आईची काजूची बाग हे काही पदामुळे मिळालेलं नाही. त्यांना हक्क सोडायचा असेल तर ते स्वतः सोडतील. ठेवायचा असेल तर ठेवतील.

सिस्टर नेमकी उलट. व्रतस्थ आहे, गुरुदीक्षित नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाच्या हिशेबाने सिस्टर प्रापंचिकच. हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात, पण तसंच आहे. आणि तिच्या मालमत्तेची गोष्ट मालवणकरांना वाटते तितकी सरळ नाही. कॅनन ६६८ वाचा. पहिली व्रतं घेण्याआधी ती आपल्या मालमत्तेचा कारभार कुणाच्या तरी हाती सोपवते. मालकी सोडते असं नाही, कारभार सोपवते. कायमच्या व्रतांआधी तिने मृत्युपत्र करायचं असतं आणि ते देशाच्या कायद्यालाही चालेल असं हवं. त्यानंतर स्वतःच्या कष्टातून जे मिळेल, पगार, पेन्शन, विम्याचे पैसे, ते संस्थेचं. घरून वारशाने येतं ते बऱ्याच संस्थांमध्ये तिच्याच नावे राहतं. फक्त ते स्वतः वापरायचं नाही. काही संस्थांच्या स्वभावातच पूर्ण त्याग असतो. तिथे कायमच्या व्रतांआधी सगळं सोडून द्यावं लागतं आणि पुढे मालकी घेण्याची पात्रताच जाते. तुमची सिस्टर यांतल्या कुठल्या संस्थेची आहे हे तिच्या संस्थेच्या घटनेत बघायला हवं. दोन्हीत समान एक गोष्ट आहे. मालमत्तेबाबत कुठलाही व्यवहार करायला तिला वरिष्ठांची परवानगी लागते. म्हणजे हक्कसोडीला प्रोव्हिन्शियलचं, म्हणजे तिच्या प्रांताच्या वरिष्ठांचं, पत्र जोडलेलं बरं.

तिसऱ्यांबद्दल रात्री लिहितो. दहावीचे पेपर तपासायचे पडलेत.


वसईची_काकू

अर्धा फादर बरोबर सांगतोय. भर म्हणून थोडं. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत जाहीर झाला. तो फादर नव्हता. आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, शेवटपर्यंत ब्रदरच होता. व्रतं होती, गुरुदीक्षा नव्हती. सणाला आलेल्या पाहुण्यांना मी हे सांगते तेव्हा अर्ध्या लोकांना वाटतं मी संताचा मान कमी करतेय! आणि इकडे मुंबई आर्चडायोसिसमध्ये लग्न झालेले, मुलंबाळं असलेले कायमचे डिकन आहेत. ते क्लेरिक. म्हणजे बायकोबरोबर बाजाराला जाणारा माणूस क्लेरिक आणि आयुष्यभर कॉन्व्हेंटमध्ये राहिलेली सिस्टर क्लेरिक नाही. दरजाची उतरंड डोक्यात धरून बसलं की हे कळत नाही.

आता जे मला खटकलं ते. दस्तलेखकभाऊ, तुम्ही धाकट्याशी बोललात, थोरल्या फादरांशीही बोलाल. सिस्टरला कुणी फोन केलाय का? पत्र दाखवतायत म्हणजे तिला विचारायची तसदीच नको. आमच्याकडेही असंच. घरातली मुलगी सिस्टर झाली की सणाला तिचा फोटो भिंतीवर आणि वाटणीला ती "देवाची".


कुडाळचा_वकील

कॅनन लॉ माझा प्रांत नाही. देशाच्या कायद्यापुरतं सांगतो.

सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती घराला भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल, जोडीदार हयात नसेल, तर कलम ३७ प्रमाणे मुलांना सारखे हिस्से. मुलगा-मुलगी भेद नाही. व्रत घेतलं म्हणून वारस गळाला, असं त्या कायद्याच्या वारसाच्या कलमांत कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही संन्याशाचं म्हणता ती हिंदू कायद्यातली कल्पना, ती इथे आपोआप लावता येत नाही. (तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात, नियम वेगळे. तिथले नातेवाईक काही सांगतील तर कान बंद ठेवा.)

ते जुनं पत्र बाजूला ठेवा. आई जिवंत असताना मुलीकडे होती ती फक्त वारस होण्याची शक्यता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ६ (अ) नुसार अशी शक्यता हस्तांतरितच होत नाही. भावनेचा पुरावा म्हणून ठेवा, दस्त म्हणून नाही. हक्कसोड आता, आईच्या पश्चात, नोंदणी करूनच.

चर्चच्या कायद्याने व्रतस्थ माणूस जगाच्या लेखी "मेला" असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन गेलाय. अनुदानित शाळांतल्या सिस्टर आणि फादर शिक्षकांच्या पगारातून टीडीएस कापू नये, कारण पगार संस्थेला जातो, अशी अपिलं होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. पगार माणसाच्या नावे येतो, तो पुढे कुणाला देतो हा त्याचा प्रश्न. जमिनीकडेही सरकार साधारण याच नजरेने बघतं, एवढं धरून चाला.

तिसऱ्या भावाचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेलं असेल तर तिथे तुम्ही पूर्वी पाद्री होता का, असा रकानाच नाही. त्याची मुलगी त्याची वारस. आज तो हयात आहे, म्हणजे सही त्याचीच.


अर्धा_फादर

वकीलसाहेब, आभार. आता तिसरे.

धाकटा म्हणतो "धड फादर नाही". गावाला तसं म्हणणं सोपं जातं, कायदा मात्र इथे नेमका आहे. कॅनन २९० ची सुरुवातच अशी की वैधपणे मिळालेली गुरुदीक्षा कधीही रद्द होत नाही. जाते ती क्लेरिकची स्थिती, म्हणजे त्या पदाचे हक्क, जबाबदाऱ्या, अधिकार. ती जाण्याच्या वाटा तीन. मुळात दीक्षाच अवैध होती असं ठरलं. किंवा शिक्षा म्हणून काढून टाकलं, अमेरिकेतल्या मॅकॅरिक या माजी कार्डिनलना २०१९ मध्ये काढलं तसं. किंवा स्वतः अर्ज केला आणि रोमहून आज्ञापत्र आलं. प्रीस्टसाठी ते फार गंभीर कारण असेल तरच देतात.

गंमत पुढच्या कॅननमध्ये आहे. २९१ म्हणतो की स्थिती गेली तरी ब्रह्मचर्याचं बंधन आपोआप जात नाही. दीक्षाच अवैध ठरली तर गोष्ट निराळी, एरवी त्यातून फक्त पोपच सोडवू शकतात. म्हणजे शिक्षेने बाहेर काढलेला माणूस पदाला मुकतो आणि चर्चच्या लेखी लग्नालाही मोकळा होत नाही. अर्ज करून गेलेल्याला सहसा दोन्ही एकाच कागदावर मिळतं. तसा कागद न घेता कुणी लग्न केलं तर चर्चच्या नजरेत ते लग्न झालंच नाही (कॅनन १०८७), वकीलसाहेबांच्या नजरेत झालं. तुमच्या तिसऱ्या भावाकडे रोमचा कागद आहे की नाही हे धाकट्याला माहीत नसावं. माझा अंदाज, त्याने कधी विचारलंच नसेल. पण तुमच्या हक्कसोडीला त्याने काडीचाही फरक पडत नाही. कागद असेल तर तो प्रापंचिक म्हणून सही करेल, नसेल तरी त्याची मालमत्ता त्याचीच.

तो एखाद्या संघाचा (व्रतस्थांच्या संस्थेचा) फादर होता की धर्मप्रांताचा, एवढं विचारून घ्या. संघाचा असेल तर आधी व्रतंही होती, आणि व्रतांच्या वेळी त्याने मालमत्तेबद्दल काही लिहून दिलं असण्याची शक्यता आहे. वकिलांना दाखवायला बरं.


ठाण्याची_वहिनी

मी या घरातली नाही, आधीच सांगते, नाहीतर उद्या वेंगुर्ल्यात शोध सुरू व्हायचा. पण माझे यजमान पूर्वी फादर होते, म्हणून इथे लिहावंसं वाटलं.

"कागद" म्हणताय तो आमच्या घरी आहे. तो येईपर्यंत आम्ही थांबलो, आणि थांबणं म्हणजे काय असतं हे दोन्हीकडच्या आयांना विचारा. त्यात अटी असतात. मिस्सा करायची नाही, प्रवचन द्यायचं नाही, सेमिनरीत शिकवायचं नाही. जिथे लोक तुम्हाला फादर म्हणून ओळखतात तिथे शक्यतो राहायचं नाही, बिशप सूट देऊ शकतात. म्हणून आम्ही गाव सोडलं. लोकांना वाटतं तोंड लपवायला गेलो. रविवारी ते माझ्या शेजारी बाकावर बसतात. कम्युनिअन वाटायलाही उभे राहत नाहीत. सुरुवातीला चर्चमधल्या एका बाईने मुद्दाम "फादर" म्हणून हाक मारली. त्यांनी शांतपणे सांगितलं, नावाने हाक मारा.

एक मात्र सांगते. पावसात एकदा आमच्याच इमारतीतले एक वयस्क कॅथलिक गृहस्थ अत्यवस्थ झाले. पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, फादरांना फोन लागला, पण ते पाणी साचल्यामुळे अडकले होते. घरचे रडत आमच्या दारात. यजमान गेले, बाकीच्यांना खोलीबाहेर काढलं, त्यांचं पापनिवेदन ऐकलं आणि क्षमा दिली. दुसऱ्या दिवशी कुजबूज, "परत सुरू केलं वाटतं." पॅरिश फादरांनीच लोकांना समजावलं की मरणाच्या दारात असलेल्याला कुठलाही प्रीस्ट, स्थिती गेलेला असला तरी, पापक्षमा देऊ शकतो आणि ती पूर्ण वैध असते. अर्धा फादर, कॅनन नंबर तुम्हीच सांगा.

धाकट्याला एवढंच सांगा की भावाने झगा उतरवला असेल, आई नाही सोडली.


अर्धा_फादर

९७६, वहिनी. आणि २९२ मध्ये बाकी सगळी मनाई लिहून हा एक अपवाद राखलाय.


वेंगुर्ल्याचा दस्तलेखक

सगळ्यांचे आभार. काकूंचं बोलणं टोचलं आणि सिस्टरना फोन लावला. फार मोकळेपणाने बोलल्या. ते पत्र त्यांना आठवतं. हिस्सा नकोच आहे, पण खाडीकडचा तुकडा विकायचा नाही अशी आईची इच्छा होती, तेवढं धाकट्याकडून लिहून हवं आहे. प्रोव्हिन्शियलना विचारते म्हणाल्या. तिसरे भाऊ धर्मप्रांताचेच होते. ते म्हणाले, बहीण सही करेल तिथे मी करेन.

आता नवीनच निघालं. थोरल्या फादरांवर सगळ्यांचा विश्वास, म्हणून भावंडांत टूम निघाली की हक्कसोड राहू दे, सगळ्यांचं कुलमुखत्यार फादरांच्या नावे करा, कारभार ते बघतील. शिवाय धाकट्याला ट्रॉलरच्या इंजिनसाठी कर्ज हवं आहे आणि बँकेला जामीनदार लागतात. फादर जामीन राहायला तयार आहेत. फादर स्वतः मालक असू शकतात म्हटल्यावर हे तर साधंच, नाही का? दोन्ही कागद लिहायला घेऊ?


अर्धा_फादर

थांबा! इथेच आपली भोळी माणसं अडकतात.

क्लेरिकला मालमत्ता असू शकते, पण तिच्याशी काय करायचं याला कुंपण आहे. कॅनन २८५, चौथा परिच्छेद. प्रापंचिकांच्या मालमत्तेचा कारभार बघायचा नाही. हिशेब देण्याची जबाबदारी असलेलं बाहेरचं पद घ्यायचं नाही. ही दोन्ही बिशपांच्या परवानगीशिवाय नाहीत. जामीन राहायचं नाही, स्वतःच्या मालमत्तेच्या जोरावरही नाही, बिशपांना विचारल्याशिवाय. रकमेचं कारण न सांगता पैसे द्यायचं बंधन येईल अशा वचनचिठ्ठीवर सहीसुद्धा करायची नाही. तुमचं मुखत्यारपत्र पहिल्यात बसतं, बँकेचा जामीन तिसऱ्यात.

कारण ज्याने एकदा कर्जाची वसुली गावात उतरलेली बघितली असेल त्याला सांगावं लागत नाही. हप्ते थकले, बँकेची नोटीस पॅरिश हाऊसवर आली, की रविवारी त्याच फादरकडे धाकटा पापनिवेदनाला येणार आणि फादर त्याच्या दारात पैशासाठी जाणार. तीन भावंडांचा मुखत्यार झालेला फादर उद्या वाटणीच्या भांडणात कुणाच्या मुलाचं लग्न लावायला उभा राहील ते आधी ठरवावं लागेल. माझ्या मते कॅनन लॉमधल्या सगळ्यात शहाण्या कलमांपैकी हे एक आहे आणि सगळ्यात कमी वाचलं जाणारंही.

पूर्ण बंदी नाही, परवानगी मागता येते. सावंतवाडीच्या बिशप हाऊसमध्ये लेखी अर्ज द्यायला सांगा. माझा सल्ला मात्र, मागूच नये. मुखत्यार वहिनींसारखी कुणी व्यवहारी बाई असेल तर तिला करा. जामिनाला सोसायटीतले दोन खलाशी भागीदार शोधा.


मालवण_बंदर

मग फादरने स्वतःच्या हिश्श्यातले काजू विकले तरी गुन्हा का? हा तर जाच झाला.


अर्धा_फादर

नाही. स्वतःच्या बागेचं पीक विकणं हा धंदा धरत नाहीत. कॅनन २८६ अडवतो ते व्यापाराला, स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत. वाडीतल्या लोकांचे काजू घाऊक घेऊन फॅक्टरीला नफ्याने विकायला लागला तर तो व्यापार, आणि त्याला परवानगी हवी. आणि तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय, निवडणूक. नगरपालिकेपासून लोकसभेपर्यंत सत्तेचं पद क्लेरिकला घेता येत नाही, त्याच २८५ मध्ये आहे. पक्षात सक्रिय राहणं २८७ मध्ये बंद, चर्चच्या हक्कांसाठी किंवा लोकहितासाठी गरज आहे असं वरिष्ठांचं मत पडलं तरच अपवाद. चळवळ वेगळी. कायमच्या डिकनला यातल्या बऱ्याच गोष्टी मोकळ्या आहेत, कारण त्याला घर चालवायचं असतं.


वसईची_काकू

चळवळीचं म्हणालात म्हणून. आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसई धर्मप्रांताचे फादर, हरित वसईच्या लढ्यात उभे राहिले, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नगरसेवक झाले नाहीत. कुठपर्यंत जायचं ते त्यांना कॅननचा आकडा न बघताही कळायचं.

सिस्टरनी खाडीच्या तुकड्याची अट घातली हे वाचून बरं वाटलं. देवाला दिलेल्या बाईला जमिनीची काळजी असते बरं का.


वेंगुर्ल्याचा दस्तलेखक

फादरांना २८५ वाचून दाखवलं. हसले आणि म्हणाले, हे मला माहीत असायला हवं होतं की तुम्हाला? जामिनाचा विषय त्यांनी स्वतःच धाकट्याशी बोलून बंद केला. धाकटा दोन दिवस फुगला होता, मग सोसायटीच्या चेअरमनकडे गेला.

ठरलं ते असं. कुलमुखत्यार नाही. आधी चौघांची वारस नोंद, फेरफार. मग थोरले आणि तिसरे बागेतला हिस्सा सोडणार. खाडीचा तुकडा चौघांच्या नावे सामाईक राहणार, सिस्टरसकट, जर प्रोव्हिन्शियलचं पत्र तसं आलं तर. पत्र येईपर्यंत सिस्टरच्या ओळी कोऱ्या ठेवल्यात.

वकीलसाहेब, एकच अडचण उरली. सिस्टरच्या शाळेच्या दाखल्यावर घरचं नाव आहे. व्रतांच्या वेळी नाव बदललं, आधार कार्ड कॉन्व्हेंटच्या नावाने. पॅन कार्डवर तिसरंच, आडनावाशिवाय. तलाठी म्हणतो ही एकच बाई कशावरून?


कुडाळचा_वकील

नेहमीचं आहे. नोटरीपुढे एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्यात तिन्ही नावं, आईवडिलांची नावं, जन्मतारीख. कॉन्व्हेंटकडून प्रमाणपत्र, की अमुक नावाची मुलगी अमुक तारखेला आमच्याकडे अमुक नावाने व्रतस्थ झाली. गावच्या पॅरिशमधून बाप्तिस्म्याचा दाखला काढा, कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात नंतरची कायमची व्रतंसुद्धा चढवतात. तलाठ्याला तो समास दाखवा. दस्तात नाव लिहिताना घरचं आधी, मग "ऊर्फ सिस्टर" आणि पुढचं नाव. आधार आणि पॅन एक करून घ्या, नाहीतर नोंदणीच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या टेबलावरून परत याल, आणि सिस्टर कर्नाटकातून आलेल्या असतील.